शुक्रवारी दाखवायचं घर

मंगळवारी सकाळी ग्लासातलं पाणी हललं नाही. शकिलाच्या गोळ्यांसाठी मी खिडकीच्या कट्ट्यावर ग्लास भरून ठेवतो, आणि हे घर घेतल्यापासून त्या पाण्यावर एकात एक बारीक वर्तुळं फिरत असतात, दिवसा फिरतात, रात्रीही फिरतात, फक्त शुक्रवारी थांबतात. शुक्रवारी तळमजल्यावरच्या कारखान्याला सुट्टी. मी मंजनाचं बोट तोंडात तसंच ठेवून उभा राहिलो. आधी वाटलं, मीच गेलो. माणूस गेला की पहिल्यांदा पाणी हलायचं थांबत असेल, परत येऊन कुणी सांगितलंय थोडंच. मग दाढ दुखली, तेव्हा कळलं की अजून आहे. आतून शकिलाने हाक मारली, "जोहाचे अब्बा, आज जुम्मा नाय ना?" मी म्हणालो, नाही, मंगळवार. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात चादरीवर पालथे पडले होते, एखादी वस्तू कुणी हातातून काढून घ्यावी आणि हात तसेच राहावेत तसे. भिवंडीच्या या नारपोलीत आमच्या वयाच्या माणसांना लूमचा, यंत्रमागांचा, आवाज ऐकू येत नाही, तो अंगात असतो, दातांत, बरगड्यांत, गुडघ्याच्या वाटीत. तो गेला की अंग रिकाम्या डब्यासारखं होतं.

आमच्या इमारतीबद्दल मी जे सांगतो ते लोकांना खोटं वाटतं, आणि त्यातलं निम्मं तसं असतंही. कुठलं निम्मं, हे आता मलाही सांगता येणार नाही. खाली एजाजचा कारखाना, त्यात लूमच्या रांगा, आणि वर चौथ्या मजल्यावर आम्ही. लग्नानंतर शकिलाने चमचा म्हणून विकत आणला नाही, कारण कपात साखर घालून कप ओट्यावर ठेवला की ती आपोआप विरघळायची. भिंतीवरचं घड्याळ वर्षाला चार बोटं सरकतं. घड्याळ वेळेत पुढे जातं असं म्हणत नाही मी, घड्याळच जातं, खिळ्यासकट, दाराच्या दिशेने. जोहा, आमची मुलगी, पाळण्याशिवाय वाढली, जमीनच तिला हलवायची. ती लग्न होऊन पनवेलला गेली तेव्हा तिला तिथे झोपच येईना, शेवटी जावयाने जुनं वॉशिंग मशीन आणून ते रिकामंच फिरवायला सुरुवात केली. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की एकदा जावयानेच मला विचारलं, अब्बा, ते मशीन नेमकं कुठल्या कंपनीचं होतं. आता त्याला काय सांगणार. जोहाकडे लिफ्ट आहे, पण तिथे तिची सासूही आहे, म्हणून आम्ही तिथे जात नाही.

आमच्याकडे लिफ्ट नाही. लिफ्टची विहीर आहे, तळापासून गच्चीपर्यंत सरळ, आणि तिच्यात कबुतरं राहतात. बिल्डर म्हणाला होता ईदपर्यंत बसवतो. कुठल्या ईदपर्यंत ते आम्ही विचारलं नाही. शकिलाचे गुडघे तेव्हा हरणासारखे होते, पाण्याची कळशी घेऊन ती न थांबता वर यायची आणि मी मागून पिशव्या घेऊन धापा टाकत. आता ते गुडघे पलंगावर दोन परक्या माणसांसारखे पडलेले असतात. शेवटची ती खाली उतरली ती खारबावला बहिणीच्या मयतीला. राहनाळच्या गोडाऊनमधले चार हमाल आणले होते. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, खुर्चीला बांबू बांधले, आणि कापसाची गाठ उतरवावी तशी उतरवली, अरे डावीकडून, अरे वळणावर जपून. मजल्यामजल्यावर दारं उघडली. तिने ओढणी तोंडावर घेतली होती. तसंच परत वर आणलं. त्या दिवशी रात्री मी जेवण वाढत असताना ती म्हणाली, "आता उतरेन तर माझ्या पायांनी. नायतर मला कळनार नाय तेव्हा." मी हसलो. मी हसतो, अशा वेळी माझं तोंडच तसं होतं. पण ते वाक्य घरातून गेलं नाही. पंख्याबरोबर फिरत राहिलं.

खारबावला तिच्या बहिणीच्या घराला लागून सावळाराम पाटलांची खोली आहे. स्टेशनच्या पलीकडे. पुढे ओटा, ओट्याला एकच पायरी, आणि पायरीखाली जमीन, खरी, मातीची, कोंबड्या हिंडतात ती. शकिलाने ती खोली पाहिलेली आहे, मयतीच्या दिवशी, खुर्चीत बसून, ओढणीच्या आडून. एवढ्याशा बघण्यावर तिने तिथे काय कुठे ठेवायचं ते सगळं ठरवून टाकलं. कपाट दाराजवळ नको, हवा अडेल. ओट्यावर अळू लावायचा. सावळाराम भला माणूस, म्हणाला, या महिन्याअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, नंतर माझा नाइलाज, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. आमचं हे घर विकलं तर ती खोली, आणि हे विकलं जात नव्हतं. वर्ष झालं, दुसरं लागलं. बायपासला नवे टॉवर झालेत, त्यांना पोहायचे तलाव आहेत. भिवंडीत नळाला पाणी नाही आणि लोक पोहायला घर घेतात. जुन्या नारपोलीत, लूमच्या डोक्यावर, लिफ्टशिवाय चौथ्या मजल्यावर कोण येणार. येणारे यायचे, जिन्यात तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे, आणि तिथेच त्यांचा चेहरा मला सांगायचा.

पंढरी हा आमचा एजंट. राहनाळचा, आगरी, बापाच्या भाताच्या शेतावर आता गोडाऊन उभं आहे आणि पंढरी बोटात अंगठ्या घालून घरं दाखवत फिरतो. सवय मात्र गेली नाही. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा आला तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यातून चालून म्हणाला, चांगला हाय, पाणी लागला तर मणभर भात होईल. मला तो तेव्हाच आवडला. पण धंद्यात पक्का. त्याने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, "इद्रीसभाय, घर शुक्रवारीच दाखवायचा. लूमचा आवाज झाला का गिऱ्हाईक पलाला." आता ही काही त्याची एकट्याची अक्कल नव्हे. नारपोलीत सगळेच घर शुक्रवारी दाखवतात, दुपारच्या नमाजनंतर, कारखाने बंद असताना, गल्लीत इतकी शांतता असते की वाटावं आपण माथेरानला आलो. सोयरीक जमवताना मुलीला फळीवर उभी करून उंच दाखवायचे, तशी ही रीत आहे. घेणाऱ्यालाही माहीत असते. तो शुक्रवारी येतो, शांतता ऐकतो, मान डोलावतो आणि मनातल्या मनात त्यात लूम मिसळून हिशेब करतो. आम्हीही कधीकाळी हे घर शुक्रवारीच पाहिलं होतं.

गेल्या शुक्रवारी पंढरीने भावेशला आणलं, राहनाळचाच पोरगा, गोडाऊनला गाड्या लावतो, आणि त्याची बायको मृणाली. ही दोघं जिन्यात थांबली नाहीत. तरणी होती, सरळ वर आली. भावेशने नळ उघडून पाहिले, भिंतीवर टिचक्या मारल्या. मृणाली खिडकीपाशी उभी राहिली. तिने विचारलं, आवाज येतो का हो. मी म्हणालो, आवाज? अहो, इथे एवढं शांत असतं की माझी बायको पलंगावर बसून भात शिजल्याचं ऐकते आणि मला सांगते गॅस बंद करा. पंढरी छताकडे बघत होता. शकिलाने माझ्याकडे पाहिलं आणि ओढणी नीट केली. भावेश म्हणाला, आम्हालाही शांतच जागा हवी होती, आईचा स्वभाव तसा आहे, तिला गडबड चालत नाही. दोघं हसत हसत गेली. पंढरी मागे राहून मला डोळा मारून गेला. आणि त्या संध्याकाळी शकिलाने जोहाला फोन करून सांगितलं की कपाट नेताना त्याचा आरसा आधी काढून घ्यावा लागेल. मी स्वयंपाकघरात होतो. आरशाचं ऐकून मी गॅस बारीक केला, पुढचं ऐकू यावं म्हणून.

तर मंगळवार. मी खाली गेलो. कारखान्याचं शटर वर होतं आणि दाराला ट्रक लागला होता. एजाज बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता, आत माणसं लूमचे सांगाडे सुटे करून ओढत होती, आणि फरशीवर वर्षानुवर्षांचं तेल होतं त्यावर लोखंड घसरताना जो आवाज व्हायचा तो ऐकून मला दात आवळावे लागले. एजाजच्या वडिलांना मी माझ्या वडिलांचे लूम विकले होते, त्याच पैशांतून वरचं घर घेतलं. भंगारात, वजनावर जातायत, एजाज म्हणाला. सूत परवडत नाही, वीज परवडत नाही, कारीगर गावाला गेले ते आले नाहीत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि खरं सांगतो, त्या हाताखाली त्याचा खांदा होता आणि माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजाडलं होतं. आता घर रोज दाखवता येईल! सोमवारी, गुरुवारी, भर दुपारी. शुक्रवार संपला. मी जिना चढलो तो शकिलासारखा, जुन्या शकिलासारखा, न थांबता, आणि वर येऊन तिला सांगितलं की आपलं नशीब उघडलं. ती म्हणाली, "आणि त्याचं?" कुणाचं, मी विचारलं. तिने ग्लास उचलला, गोळी घेतली, आणि रिकामा ग्लास ठेवताना हलकेच ठेवला, जणू आता घरात वस्तू जोरात ठेवायची सोय राहिली नव्हती.

बुधवारी दुपारी दाराची बेल वाजली. भावेश, मृणाली, मागे धापा टाकणारा पंढरी. न कळवता आले होते. हुशार गिऱ्हाईक असंच येतं, मधल्या वारी, आवाज पकडायला. मला आतून उकळी फुटली. या, या, बसा, ऐका, म्हटलं ना तुम्हाला. मी खिडकी सताड उघडली. बाहेर कावळा होता तोही ओरडत नव्हता. भावेश खिडकीतून वाकून खाली बघत राहिला, बराच वेळ. मग वळला आणि त्याचा चेहरा पडलेला. म्हणाला, "चाचा, आवाज कुठाय?" मी म्हणालो, नाहीच तर. तो म्हणाला, "अहो, आम्हाला राहायचं नाहीये इथे. कामगारांना द्यायचंय, खाटेवर. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच खाटेवर झोपतो. खाली लूमच नसतील तर वर झोपणार कोण?" मी पंढरीकडे पाहिलं. पंढरीही त्याच्याकडे बघत होता, त्यालाही हे नवीन असावं. म्हणजे आम्ही त्यांच्यापासून आवाज लपवत होतो आणि ते आमच्यापासून, भाव वाढू नये म्हणून, आवाज हवा असल्याचं लपवत होते, शांततेबद्दल दोघंही एकमेकांकडे मान डोलावत होतो. सगळी नारपोली आवाज लपवण्यात गेली. ज्याला तो विकायचा तो समोर येऊन बसला तेव्हा आवाजच ट्रकमध्ये चढला होता.

माझ्या तोंडाला थांबता येत नाही. ते म्हणालं, आहेत की लूम, कुठे जातायत! मालकाच्या मुलीची, रमशाची, आज मेंदी आहे म्हणून कारखाना जरा उशिरा लावणार आहेत. थर्मासात चहा आहे, तुम्ही घ्या, मी बघून येतो. हे बोलताना मी शकिलाकडे पाहिलं नाही. पंढरीने पुन्हा छत बघायला घेतलं. मी खाली आलो. ट्रक गेला होता, शटर अर्धं ओढलेलं, आणि आत त्या मोठ्या अंधाऱ्या रिकामेपणात, दूर कोपऱ्यात, एकच लूम उभा होता. त्याच्या बीमवर, म्हणजे सुताच्या रुळावर, उभ्या धाग्यांचा थोडा ताणा उरला होता; तो विणून संपल्याशिवाय लूम हलवायचा नाही, एजाज म्हणाला, अर्धा ताणा कापून टाकला तर बरकत जाते, नारपोलीत हे घरोघरी माहीत आहे. आता बरकत म्हणजे काय उरली होती ते मी विचारलं नाही. मी गोष्ट सांगत असतो तर म्हणालो असतो की तो उरलेला लूम माझ्या वडिलांचा होता. नव्हता. माझ्या वडिलांचे पहिल्याच ट्रकमधून गेले होते, मी वर नाचत होतो तेव्हा. मी एजाजला सांगितलं, आत्ता लाव हा, थोडा वेळ, वर गिऱ्हाईक आहे. तो मग म्हणाला, "चाचा, झूठ बुनने के लिए भी कारीगर लगता है. मेरे तो सब गाँव चले गए." आणि शर्टाच्या बाह्या वर करून स्वतःच उठला.

जिना चढताना मला कळलं की मी म्हातारा झालो. पहिल्या मजल्यावर मी उभा राहून ऐकत होतो. खाली काहीतरी खडखडलं, थांबलं. एजाजने वर्षानुवर्षं लूमला हात लावला नसेल, मालकाचे हात ते. लिफ्टच्या विहिरीत कबुतरं घुमत होती. मला आठवलं, याच वळणावर शकिला कळशी घेऊन उभी असायची माझ्यासाठी, वर जायची नाही, कठड्याला कंबर टेकून खाली बघत हसायची, आणि मी एखादी थाप मारत यायचो, दमल्याचं कळू नये म्हणून, की आज बाजारात एवढा मोठा हलवा मासा आला होता की त्याला टेम्पोतून घरी पोचवला. ती म्हणायची, मासा कुठाय मग? मी म्हणायचो, त्याच्या घरी. माझ्या सगळ्या थापा याच जिन्यावर तयार झाल्या, दम लपवायला. दुसरा मजला. ज्या वळणावर हमालांनी खुर्ची तिरकी केली होती तिथे भिंतीला बांबूचा ओरखडा अजून आहे. मी त्यावर हात ठेवला आणि तेव्हाच हाताला कळलं. भिंत बारीक थरथरली. खट, खट, खट, मग एका लयीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला हसूही आलं. केवढासा आवाज. भरल्या कारखान्यात हा एकटा कुणाला ऐकूही आला नसता. पण भावेश गोडाऊनचा पोरगा, त्याला काय कळतंय, त्याच्यासाठी आवाज म्हणजे आवाज. मी वर जाईन, म्हणेन, झालं सुरू, बाकीचे हळूहळू लागतील. तो बयाणा देईल. सावळारामला निरोप जाईल. कपाटाचा आरसा निघेल. आणि शकिला या जिन्यावरून, बसत बसत का होईना, एकेक पायरी, स्वतःच्या पायांनी, एकदाच. मी तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिलो, सगळी गिऱ्हाइकं राहायची तसा.

दार उघडंच होतं. भावेश खिडकीत, चेहरा खुललेला, पंढरीला म्हणत होता, ऐक, लागला. मृणाली आत शकिलाच्या पलंगाच्या कडेला बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती. तिचे वडील वारले, त्यांचं शेत गोडाऊनला गेलं, भावांनी तिचा हिस्सा कुरकुरत दिला, तोच यात घालतेय. "दर महिन्याला काहीतरी माझं म्हणून येत राहील," ती म्हणाली, "नाहीतर साडीलासुद्धा विचारावं लागतं हो." शकिला ऐकत होती, पण नुसतं तिचं नाही. मान थोडी कलती. तिचे हात चादरीवर पालथे होते आणि बोटं पसरलेली, आणि मी दारात उभा राहून ते पाहिलं आणि मला कळलं आता काय होणार. मी तोंड उघडलं. तिथे नेहमी काहीतरी असतं. जन्मभर कधी रिकामं सापडलं नव्हतं. या वेळी नव्हतं. शकिलाने मृणालीचा हात धरला.

"बाय, एकच हाय हा," ती म्हणाली. "बाकीचे गेले भंगारात. याचा पन बीम संपला का जाईल."

 खालून तो एकटा चालत होता, खट, खट, खट. भावेशने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं चिडेल, पण तो नुसता दमलेला दिसला, जणू जिना आत्ता चढला. म्हणाला, कळवतो चाचा. मृणाली उठली, जाताना पाया पडायला वाकली, पण पायांपर्यंत गेली नाही, शकिलाच्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून क्षणभर थांबली, मग नवऱ्यामागून गेली. त्यांची पावलं जिन्यात खूप वेळ ऐकू आली, एका लूमने ती झाकली जात नव्हती. पंढरीने थंड झालेला चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला, आणि अंगठी फिरवत मला विचारलं, "सावलारामला मी कलवू, का तुमी?" मी म्हणालो, तूच सांग. तोही गेला.

मी पलंगासमोर खुर्चीत बसलो. तिला म्हणालो, शुक्रवारी तर तू गप्प बसली होतीस. रागाने म्हणालो असेन, किंवा नुसतंच. ती म्हणाली, "शुक्रवारचं सगल्यांना म्हाईत असतंय. ते पन लपवत होते, आपन पन. आज ती एकटीच फसत होती." मग थोड्या वेळाने, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, म्हणाली, "ओट्यावर अलू लावनार होते मी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर मी तिच्यावर काहीतरी रचलं असतं, खारबावच्या त्या खोलीत साप निघतात म्हणून, त्या सावळारामच्या कोंबड्या माणसांना चावतात म्हणून, आणि ती हसली असती किंवा नसती. मी आतल्या आत शोधत राहिलो. एक वाक्य सापडलं, ते अर्ध्यातच विरघळलं, चमच्याशिवाय.

खाली लूम चालूच होता. गिऱ्हाईक गेलं हे एजाजला कुणी सांगितलं नव्हतं. मला उठून जायला हवं होतं, चार मजले उतरून त्याला म्हणायला हवं होतं, बस कर बेटा. मी कठड्याचा विचार केला, त्या ओरखड्याचा, आणि गेलो नाही. "चालू दे," शकिला म्हणाली. मी ग्लास भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पाण्यावर एकच वर्तुळ येत होतं, मधूनच, कडेला जाऊन पुसलं जाणारं, मग पुन्हा. मी ते बघत असताना पलंग कुरकुरला. शकिला दोन्ही हातांनी आधी एक गुडघा, मग दुसरा, उचलून पलंगाच्या कडेला आणत होती. मी मदतीला गेलो तर तिने मानेनेच नको म्हटलं. तिने पाय खाली सोडले आणि तळवे फरशीवर सपाट टेकवले, बोटं जरा पसरून. तळमजल्यावरून खांबातून वर चढत जेवढं येत होतं तेवढं तिच्या तळव्यांना लागत असणार. तिने डोळे मिटले. मी परत खुर्चीत बसलो. बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसा भोंगा वाजला. मग बीम संपला असावा, कारण पाणी थांबलं. तिने पाय उचलले नाहीत.